आयर्लंडमध्ये पहिलं घर घेताना ‘फर्स्ट होम स्कीम’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्लिन, कॉर्क, लिमरिक, गॉलवे इथे नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांकडून हे प्रश्न सतत येतात. पगार चांगला, भाडं कधी थकलेलं नाही, डिपॉझिटही जमलंय, तरी बँक देते ते कर्ज आणि घराची किंमत यांची तोंडमिळवणी काही होत नाही. या योजनेचा जन्म त्यासाठीच झाला. पण ती समजून न घेता सही करणारेही खूप दिसतात, म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

ही योजना नक्की आहे तरी काय?

तुमच्या घराच्या किमतीतला काही भाग योजना भरते आणि त्या बदल्यात घरात तेवढ्या टक्क्यांचा हिस्सा घेते. घर तुमच्याच नावावर होतं, राहताही तुम्हीच. बँकेचा घरावर पहिला बोजा असतो, योजनेचा दुसरा.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. योजनेचे ६० हजार युरो घेतले म्हणजे तुम्ही ६० हजार देणं लागता, असं नाही. तुम्ही घराचे अमुक टक्के देणं लागता. घर महागलं की ते देणं वाढतं, स्वस्त झालं की कमी होतं.

ही सरकारी आहे की बँकेची?

दोघांची मिळून. २०२१ च्या परवडणाऱ्या घरांच्या कायद्याच्या आधारे सरकार आणि बँकांनी ती उभी केली आणि जुलै २०२२ मध्ये ती सुरू झाली. मॉर्गेज सहभागी बँकेकडूनच घ्यावं लागतं : एआयबी आणि तिच्याच गटातल्या ईबीएस व हेवन, बँक ऑफ आयर्लंड आणि पीटीएसबी. ब्रोकरमार्फत जाणार असाल तर तो यांपैकी कोणाचं काम करतो ते पहिल्याच फोनवर विचारून घ्या. हेवनचं कर्ज ब्रोकरमार्फतच मिळतं.

पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे. मी पहिल्यांदा घर घेणारा ठरतो का?

नाही. आपल्या लोकांचे सर्वाधिक अर्ज इथेच अडतात. पहिल्यांदा घर घेणारा म्हणजे आयर्लंडमध्ये किंवा जगात कुठेही आधी कुठलंच घर विकत न घेतलेला माणूस. फ्लॅट पुण्यात आहे की पनवेलमध्ये, भाड्याने दिलाय की बंद आहे, याने फरक पडत नाही. तो विकून टाकला म्हणूनही तुम्ही पुन्हा ‘पहिल्यांदा’ होत नाही.

आपल्याकडची नेहमीची उदाहरणं पाहू. वडिलांनी फ्लॅट घेताना मुलाचं नाव सहमालक म्हणून घातलं, पैसे सगळे वडिलांचे. मुलाला वाटतं, माझं नाव नुसतं कागदावर आहे. पण कागदच मोजला जातो. एकट्याने घेतलेलं आणि दुसऱ्यासोबत घेतलेलं, दोन्ही सारखंच. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात करारनामा नोंदवलाय आणि ताबा मिळायचाय, तर तेही खरेदीच समजून चाला आणि अर्ज करण्याआधी सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाला, विचारा.

सोसायटीत तुमचं नाव फक्त नॉमिनी म्हणून असेल, तर ती मालकी नव्हे. वारशाने आलेल्या घराचं वेगळं आहे : हेल्प टू बाय या दुसऱ्या सरकारी योजनेत (तिच्याबद्दल पुढे आहे) वारसा किंवा बक्षीस म्हणून मिळालेल्या घरामुळे अपात्र ठरत नाही. या योजनेसाठी आणि बँकेसाठी मात्र कागद दाखवून लेखी खात्री करून घ्या. गावाकडचा रिकामा प्लॉट म्हणजे घर नव्हे, तरीही मालमत्ता म्हणून अर्जात तो लिहायचाच.

दोघांच्या नावाने अर्ज असेल तर दोघांनीही निकषात बसलं पाहिजे. एकाच्या नावावर भारतात फ्लॅट असेल, तर दुसऱ्याने एकट्याने अर्ज करायचा मार्ग काही जण विचारात घेतात. मग कर्ज एकाच पगारावर ठरतं, आणि घराच्या हक्काबद्दल सॉलिसिटरशी बोलणं आलंच.

भारतातलं कोणाला कळतंय, असा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. तुम्ही घोषणापत्रावर सही करता, आणि खोटी घोषणा उघडकीला आली तर घर, कर्ज आणि इथला तुमचा मुक्काम, सगळंच एकदम धोक्यात येतं.

‘पहिलंच घर’ या अटीला काही अपवाद?

‘फ्रेश स्टार्ट’ नावाचा एक आहे. घटस्फोट, विभक्त होणं किंवा दिवाळखोरी यामुळे आधीच्या घरातला ज्यांचा हक्क पूर्ण संपला, त्यांना पुन्हा संधी मिळते. पुण्यातला फ्लॅट भावाच्या नावे करून हा दरवाजा उघडत नाही.

मी स्टॅम्प १ वर, म्हणजे वर्क परमिटसोबतच्या राहण्याच्या परवान्यावर आहे. चालेल का?

योजनेची अट आयर्लंडमध्ये राहण्याचा हक्क असण्याची आहे. खरी चाळणी बँक लावते. क्रिटिकल स्किल्स परमिटवरच्या माणसाकडे प्रत्येक बँक वेगळ्या नजरेने पाहते : कोणी इथल्या वास्तव्याचा काळ बघतं, कोणी जास्त डिपॉझिट मागतं. स्टॅम्प ४, म्हणजे परमिटशिवाय नोकरी करू देणारा परवाना, हातात आला की रस्ता बराच मोकळा होतो. तो चार-सहा महिन्यांवर असेल तर मी थांबायला सांगेन. तेवढ्या काळात डिपॉझिट वाढतं आणि बँक स्टेटमेंटही स्वच्छ होतात.

योजना किती पैसे देते?

घराच्या बाजारभावाच्या जास्तीत जास्त ३० टक्के. हेल्प टू बाय घेत असाल तर जास्तीत जास्त २० टक्के. कमीत कमी २.५ टक्के किंवा १० हजार युरो, यांतलं जे मोठं असेल ते.

हवे तेवढे मागून मिळत नाहीत. आधी बँकेकडून मिळेल तेवढं पूर्ण कर्ज घ्यायचं. सेंट्रल बँकेच्या नियमाप्रमाणे २०२३ पासून पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना वार्षिक ढोबळ उत्पन्नाच्या चौपट कर्ज मिळू शकतं. बँकेकडून या मर्यादेबाहेरची खास सूट घेतली असेल तर योजना मिळत नाही. किमान १० टक्के डिपॉझिट लागतं. ही दोन्ही धरून उरेल ती दरी योजना भरते.

एक हिशेब मांडतो. नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न ७५ हजार, घराची किंमत ४ लाख.

बँकेचं कर्ज : ३ लाख
डिपॉझिट १० टक्के : ४० हजार
उरलेली दरी : ६० हजार, म्हणजे १५ टक्के

हे ६० हजार योजना देते आणि घरात १५ टक्के हिस्सा घेते.

हेल्प टू बाय आणि ही योजना एकच का?

नाही, पण दोन्ही एकत्र घेता येतात आणि शक्य असेल तर घ्यावीत. हेल्प टू बाय म्हणजे तुम्ही गेल्या ४ वर्षांत भरलेल्या आयकराचा परतावा. यूएससी (उत्पन्नावरचा वेगळा कर) आणि पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) त्यात धरत नाहीत. मर्यादा ३० हजार युरो किंवा किमतीच्या १० टक्के, यांतली कमी रक्कम, आणि तीही तुम्ही भरलेल्या करापेक्षा जास्त नाही. घर ५ लाखांच्या आत हवं. येऊन दोनच वर्षं झालेल्यांनी आधी आपला भरलेला कर बघावा. पूर्ण ३० हजार गृहीत धरून घर बुक करणाऱ्यांची नंतर फार ओढाताण होते.

वरच्या उदाहरणात ३० हजार पूर्ण मिळाले तर ४० हजारांच्या डिपॉझिटमध्ये पदरचे १० हजारच घालावे लागतात. हेल्प टू बायची दुसरी अट : मॉर्गेज किमतीच्या किमान ७० टक्के हवं. आपल्या उदाहरणात ते ७५ टक्के आहे, म्हणून बसतं. योजनेचा हिस्सा २० टक्क्यांवर अडतो तो याच कारणाने : ७० कर्ज, १० डिपॉझिट, २० हिस्सा.

हा परतावा घेऊन ५ वर्षांच्या आत घर सोडलं तर त्यातला भाग परत करावा लागतो.

कोणतंही घर चालतं का?

योजना सुरू झाली ती खाजगी प्रकल्पातल्या नव्या घरांसाठी. सप्टेंबर २०२३ पासून स्वतः घर बांधणाऱ्यांनाही ती मिळू लागली. घरमालक विकत असलेलं, आपण भाड्याने राहतोय तेच घर घेण्यासाठीही एक मार्ग आहे. जुन्या घरांपर्यंत योजना वाढवण्याचं आश्वासन जानेवारी २०२५ च्या सरकारी कार्यक्रमात आहे. त्यामुळे जुनं घर मनात असेल तर अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम योजनेच्या संकेतस्थळावर वाचा.

प्रत्येक भागासाठी किमतीची कमाल मर्यादा आहे. घर आणि अपार्टमेंट यांच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि दर सहा महिन्यांनी, जानेवारी व जुलैमध्ये, त्यांचा आढावा होतो. मर्यादा स्थानिक प्रशासनाच्या हद्दीप्रमाणे ठरतात, म्हणून डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधलं घर बसतं आणि हद्द ओलांडल्यावरचं तसंच घर बसत नाही, असं होऊ शकतं. एस्टेट एजंट ‘बसेल हो’ म्हणाला तरी तक्ता स्वतः बघा.

अर्जाचा क्रम काय?

सुरुवात बँकेपासून. सहभागी बँकेकडून तत्त्वतः मंजुरी घ्या, तिलाच सगळे एआयपी म्हणतात. ती साधारण सहा महिने चालते. मग योजनेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ओळखपत्र, मंजुरीपत्र, उत्पन्नाचे कागद चढवा. पात्र ठरलात की प्रमाणपत्र मिळतं. सोबतच रेव्हेन्यूच्या, म्हणजे इथल्या करखात्याच्या, मायअकाउंटवर हेल्प टू बायचा अर्ज टाकून ठेवा, त्यात वेळ घालवायचं कारण नाही.

घर पसंत पडलं की बुकिंग डिपॉझिट भरा, करारावर सही होईपर्यंत ते परत मिळू शकतं. घराचा तपशील योजनेला कळवला की हिस्सा किती टक्के ते ठरतं आणि योजनेचा करार तुमच्या सॉलिसिटरकडे जातो. तो करार सॉलिसिटरसोबत बसून, कलमागून कलम, समजून घ्या. बिल्डरसोबतचा खरेदी करार आणि हा हिश्श्याचा करार हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत. बिल्डर सहीसाठी घाई करतो म्हणून दुसरा करार न वाचता पुढे जाऊ नका.

घर तयार झालं की स्नॅगिंग, म्हणजे जाणकाराकडून बारीकसारीक दोषांची तपासणी. मग बँकेचे आणि योजनेचे पैसे एकाच वेळी येतात आणि किल्ली मिळते.

बँक स्टेटमेंटमध्ये काय बघतात?

सहा महिन्यांचा प्रत्येक व्यवहार. रेव्होलट या ॲपवरच्या बँकेचं स्टेटमेंटही मागतात. नियमित बचत, वेळेवर भाडं, आणि अचानक आलेल्या प्रत्येक मोठ्या रकमेचं कारण. भाडं आणि मासिक बचत मिळून होणारी रक्कम पुढच्या हप्त्याच्या तोडीची हवी. ३ लाखांचं कर्ज, ३० वर्षं, ४ टक्के व्याज असेल तर हप्ता महिना सुमारे १,४३२ युरो येतो, आणि व्याज वाढलं तर झेपेल का हेही बँक तपासते.

आपल्यात भिशी चालते. तिची एकदम आलेली रक्कम बँकेला अनोळखी वाटते. घरात चार मित्र राहतात, सगळ्यांचं भाडं एकाच्या खात्यातून जातं, बाकीचे त्याला पाठवतात, तेही तसंच. लपवायचं काही नाही, दोन ओळींचं स्पष्टीकरण आधीच तयार ठेवा. त्याहून बरं म्हणजे अर्जाआधीचे सहा महिने भिशी बाजूला ठेवा.

भारतातलं शैक्षणिक कर्ज, आई-वडिलांच्या घरकर्जात सहकर्जदार म्हणून तुमचं नाव, हे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या इथल्या सेंट्रल क्रेडिट रजिस्टरमध्ये दिसत नाही. तरी अर्जात लिहायचं.

डिपॉझिटसाठी घरून पैसे आणले तर?

चालतात, पण कागद पूर्ण हवेत. आई-बाबा देत असतील तर ही भेट आहे, परत करायची नाही आणि घरात त्यांचा हक्क नाही, असं पत्र बँक मागते. भारतात राहणारी व्यक्ती एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात २.५ लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर तिथली बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो बाबांच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. स्वतःच्या एनआरओ खात्यातले (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या खात्यातले) पैसे आणायचे तर चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. या सगळ्यात दिवस जातात. बुकिंग झाल्यावर धावपळ करू नका, पैसे आधीच इथे आणून ठेवा.

आई-वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर इथे कर लागण्याची मर्यादा आयुष्यभरात ४ लाख युरो आहे, त्यामुळे बहुतेकांना त्याची काळजी नाही.

बाबांनी निवृत्तीचे पैसे पाठवायचे की नाही, हा प्रश्न मात्र बँकेचा नाही. योजनेने दरी भरत असेल तर त्यांच्या म्हातारपणाच्या पुंजीला हात लावू नका, असं मला मनापासून वाटतं.

योजनेला दरमहा काय द्यावं लागतं?

पहिली ५ वर्षं काहीच नाही. सहाव्या वर्षापासून सेवाशुल्क सुरू होतं : ६ ते १५ वर्षं १.७५ टक्के, १६ ते २९ वर्षं २.१५ टक्के, त्यापुढे २.८५ टक्के. ते मूळ रकमेवर लागतं, घराच्या वाढलेल्या किमतीवर नाही. आपल्या ६० हजारांवर सहाव्या वर्षापासून वर्षाला १,०५० युरो, म्हणजे महिना ८७.५० युरो. सोळाव्या वर्षापासून महिना १०७.५० युरो.

हे भरलं म्हणजे हिस्सा कमी होतो असा समज फार पसरलाय. होत नाही. वीस वर्षं शुल्क भरलं तरी १५ टक्के १५ टक्केच राहतात.

पावणेदोन टक्के म्हणजे मॉर्गेजपेक्षा स्वस्तच की!

नुसतं शुल्क पाहिलं तर असं वाटतं. खरी किंमत घराच्या भावात दडलेली आहे. १० वर्षांनी हिस्सा सोडवायचा असं धरू. घराचा भाव दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढला तर ४ लाखांचं घर सुमारे ५ लाख ३७ हजारांचं होतं आणि १५ टक्के म्हणजे सुमारे ८० हजार ६०० युरो. त्यात ५ वर्षांचं शुल्क ५,२५० मिळवा. ६० हजारांवर हा दरवर्षी साधारण ३.७ टक्के खर्च झाला. भाव ६ टक्क्यांनी वाढले तर खर्च साडेसहा टक्क्यांच्या घरात जातो. भाव जागेवरच राहिले तर एक टक्काही पडत नाही.

म्हणून माझं मत असं : ही योजना दरी भरण्यासाठी घ्यावी, मोठं घर घेण्यासाठी नाही. तीन बेडरूमचं घर योजनेशिवाय जमत असेल, तर चौथ्या बेडरूमसाठी हिस्सा विकू नका.

हिस्सा परत कसा घ्यायचा?

एकरकमी किंवा तुकड्यांनी. तुकडा मूळ हिश्श्याच्या किमान ५ टक्के हवा आणि वर्षातून दोनदा भरता येतो. प्रत्येक वेळी घराचं त्या दिवसाचं मूल्यांकन धरतात. घर ५ लाखांचं झालं असेल तर १५ टक्के सोडवायला ७५ हजार लागतील, ३ लाख ६० हजारांवर आलं असेल तर ५४ हजार.

कधीपर्यंत सोडवलाच पाहिजे असं बंधन नाही. पण बंधन नाही म्हणून विषय बाजूला पडतो, आणि पाच बिनशुल्क वर्षं बघता बघता निघून जातात. पहिल्या पगारवाढीपासून त्यासाठी वेगळं खातं उघडा. मॉर्गेज जास्तीचं फेडायचं की हिस्सा, असा प्रश्न पडला तर आपल्या भागातले भाव बघा. ते मॉर्गेजच्या व्याजदरापेक्षा वेगाने वाढत असतील तर आधी हिस्सा.

किमतीशिवाय आणखी काय खर्च?

व्हॅट वगळून उरलेल्या किमतीवर १ टक्का स्टॅम्प ड्युटी. १३.५ टक्के व्हॅट असलेल्या ४ लाखांच्या नव्या घरावर ती सुमारे ३,५२४ युरो होते. शिवाय सॉलिसिटरची फी, बँकेचं मूल्यांकन, स्नॅगिंग, गृहविमा आणि मॉर्गेज प्रोटेक्शन विमा. नवं घर बहुतेक वेळा जमिनीच्या फरशीशिवाय, पडद्यांशिवाय मिळतं, त्याचे पैसे हाताशी ठेवा. डिपॉझिटमध्ये सगळं संपवून आत जाणाऱ्यांचे पहिले सहा महिने कठीण जातात.

कौन्सिलची (स्थानिक प्रशासनाची) परवडणाऱ्या घरांची योजना चांगली की ही?

कौन्सिलची मिळत असेल तर ती. तिथेही कौन्सिल ५ ते ४० टक्के हिस्सा घेतं, पण सेवाशुल्क नाही. हिस्सा ४० वर्षांत सोडवायचा असतो. अडचण दोन ठिकाणी : घरं मोजकीच असतात, त्यामुळे पोर्टल उघडताक्षणी अर्ज पोचावा लागतो. आणि उत्पन्नाची मर्यादा आहे, ढोबळ उत्पन्नाची चौपट घराच्या बाजारभावाच्या ८५.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. एकाच घरावर दोन्ही योजना मिळत नाहीत.

बँक बदलता येते का?

योजनेचा घरावर दुसरा बोजा असल्याने तिच्या संमतीशिवाय हे होत नाही. सहभागी नसलेल्या बँकेचा दर कितीही मोहक वाटला, तरी आधी योजनेला लेखी विचारा.

आम्ही दोघंही राहिलो नाही तर?

एक गेला तर दुसरा राहू शकतो. शेवटच्या मालकाच्या मृत्यूनंतर हिस्सा सोडवावा लागतो, म्हणजे मुलांना तो भरावा लागेल किंवा घर विकावं लागेल. मॉर्गेज प्रोटेक्शन विमा बँकेचं कर्ज फेडतो, हा हिस्सा नाही. लहान मुलं असतील तर तेवढ्या रकमेचा वेगळा आयुर्विमा घ्या आणि इथलं मृत्युपत्र करून ठेवा.

काही वर्षांनी भारतात परत जायचं ठरलं तर घर भाड्याने देता येईल?

हिस्सा असेपर्यंत नाही. ते तुमचं मुख्य राहतं घर असलं पाहिजे, ही अट आहे. राहणं थांबलं की हिस्सा सोडवावा लागतो. विकलं तर विक्रीतून आधी बँकेचं कर्ज जातं, मग योजनेचे टक्के, उरलेलं तुमचं. आईवडिलांसाठी तीन-चार वर्षांत परतायचं नक्की असेल तर मी ही योजना घ्यायला सांगणार नाही. हेल्प टू बायची ५ वर्षांची अटही तेव्हा आड येते. आणि परतायचं की नाही हे घरात अजून ठरलंच नसेल, तर एआयपीच्या अर्जाआधी ते दोघांनी बसून बोला.